आतला शेक मोजायचा कसा?



हळदीची काढणी झाली की आपल्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा वर होत नाही, कुणाला गुडघ्यामुळे बसलं की उठवत नाही. मग सुरू होतो शेक. कुणी वीट तापवून फडक्यात गुंडाळते, कुणी वाळूची पुरचुंडी करते, कुणी निर्गुडीचा पाला गरम करून बांधते. आता बऱ्याच घरांत गरम पाण्याची रबरी पिशवीही आली आहे. आणि घरच्या शेकाने भागलं नाही की आपण फिजिओथेरपीला जातो. तिथे मशीनचा शेक मिळतो.

माझ्या सासूबाईंनाही आम्ही असंच शहरात मशीनच्या शेकाला नेलं होतं. गुडघ्याला शेक चालू होता. तिथल्या ताईंनी दोनदा विचारलं, "आजी, जास्त लागतंय का?" सासूबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "नाही माय, बरं वाटतंय." घरी आल्यावर बघतो तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन मोठे फोड. त्यांना साखरेचा आजार आहे, जखम भरायला तीन आठवडे गेले. मी विचारलं, "आत्या, चटका बसत होता तर बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं, जास्त लागलं म्हणजे जास्त गुण येतो. आणि त्या बाईला कशाला त्रास द्यायचा?"

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. शेक देणाऱ्या माणसाला आत किती गरम झालं ते दिसतं तरी का? की तेही अंदाजच करतात? याचं उत्तर शोधताना जे कळलं, ते आज तुम्हाला सांगते. विषय थोडा विज्ञानाचा आहे, पण आपल्या रोजच्या कामातून तो सहज समजतो.

हळद शिजली की नाही, हे कसं कळतं?

हळद शिजवताना आपण काय करतो ते आठवा. काहिलीला फेस आला, वास सुटला, की एक हळकुंड बाहेर काढायचं आणि त्यात काडी टोचून बघायची. काडी सहज आत गेली तर हळद झाली. कच्ची राहिली तर नीट वाळत नाही, जास्त शिजली तर रंग बिघडतो. म्हणजे कमीही नको आणि जास्तही नको. आत नेमकं काय झालंय हे कळल्याशिवाय आपण काहील उतरवत नाही.

भाकरीचंही तसंच. तवा जास्त तापला तर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. नुसतं वरून बघून आतलं कळत नाही.

माणसाच्या शरीराचंही हेच आहे. कातडी गरम झाली म्हणजे आतला स्नायू तेवढाच गरम झाला असं नाही. उलटही होतं. काही मशीनच्या शेकात कातडीला नुसतं कोमट लागतं आणि आत हाडाजवळ मात्र उष्णता साठत जाते. पण हळकुंडासारखी माणसाला काडी टोचून बघता येत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

डिग्रीचा हिशेब व्याजासारखा

आपल्या घरच्या थर्मामीटरवर निरोगी माणसाचं तापमान ९८.६ असतं. डॉक्टर लोक दुसऱ्या मापाने, म्हणजे सेल्सिअसने मोजतात, त्यात ते ३७ अंश होतं. पुढचे सगळे आकडे या सेल्सिअसच्या मापाचे आहेत.

आखडलेला स्नायू सैल करायचा असेल तर आतली जागा साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंत काही मिनिटं गरम व्हावी लागते. त्याहून कमी झाली तर नुसतं बरं वाटतं, फार फरक पडत नाही. त्याहून जास्त झाली तर इजा होते.

आता इथे एक हिशेब आहे, तो गटाच्या व्याजासारखा नीट समजून घ्या. शरीरातल्या पेशी ४३ अंशांवर किती वेळ राहिल्या, यावरून डॉक्टर शेकाचा डोस मोजतात. १९८४ साली दोन शास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडला. ४३ अंशांच्या वर तापमान एकेक अंशाने वाढलं, की तोच परिणाम व्हायला लागणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे असं:

४३ अंशांवर ६० मिनिटांत जो परिणाम होतो,
तोच ४४ अंशांवर ३० मिनिटांत होतो,
४५ अंशांवर १५ मिनिटांत,
४६ अंशांवर साडेसात मिनिटांत,
आणि ४७ अंशांवर चार मिनिटांच्या आतच.

पुढे ६० अंशांच्या आसपास तर क्षणात मांस शिजतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसं.

बघा, फक्त चार अंशांचा फरक, पण तासाचं काम चार मिनिटांत. म्हणून शेकात 'थोडं अजून सोसते' हे शब्द फार महाग पडतात. आपल्याला वाटतं थोडंच वाढलं, पण आतलं नुकसान दुपटीने वाढत असतं.

शेक फक्त कंबरेसाठी नसतो

दवाखान्यात उष्णतेचा उपयोग तीन पायऱ्यांवर होतो.

पहिली पायरी आपल्या ओळखीची. कंबर, खांदा, गुडघा यांना फिजिओथेरपीतला शेक.

दुसरी पायरी कर्करोगाच्या उपचाराची. कर्करोगाची गाठ ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान सुमारे तासभर गरम ठेवली, तर तिच्यावर रेडिएशनचा, म्हणजे किरणांचा, परिणाम जास्त होतो. एकट्या उष्णतेने गाठ बरी होत नाही, ती किरणांना जोड म्हणून देतात. याला हायपरथर्मिया म्हणतात. नेदरलँड्स देशात गर्भाशयाच्या तोंडाच्या वाढलेल्या कर्करोगावर याचा अभ्यास झाला आणि तो २००० साली छापून आला. नुसते किरण दिलेल्या बायकांपैकी तीन वर्षांनंतर १०० पैकी २७ जणी जिवंत होत्या. किरणांबरोबर उष्णता दिलेल्यांमध्ये १०० पैकी ५१ जणी जिवंत होत्या. आपल्या मुंबईत नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या-घशाच्या भागातल्या कर्करोगावर असाच अभ्यास केला आणि २०१० साली तो छापला. रुग्ण थोडे होते, पन्नासच्या थोडे वर. पण उष्णतेची जोड दिलेल्या गटात गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आणि २०२२ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी लेख लिहून मांडलं की आपल्यासारख्या देशांत या उपचाराचा मोठा उपयोग होऊ शकतो.

तिसरी पायरी म्हणजे गाठ जाळण्याची. यकृतातली लहान गाठ असेल, तर पोट न फाडता बारीक सुई आत घालून तिच्या टोकाला विजेने उष्णता निर्माण करतात. तिथे तापमान ६० ते १०० अंशांपर्यंत नेतात. गाठ जळाली पाहिजे, पण तिला चिकटलेलं आतडं, पित्ताची पिशवी, रक्तवाहिनी वाचली पाहिजे.

तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच. आत नेमकं किती गरम झालं?

आत बघायचे तीन मार्ग

पहिला मार्ग काडीचाच. सुईएवढा बारीक थर्मामीटर आत घालायचा. तो बरोबर आकडा सांगतो, पण फक्त जिथे टोक आहे तिथलाच. काहिलीतलं एकच हळकुंड टोचून बघितल्यासारखं. बाकीच्या जागेचं काय? शिवाय सुई दुखते, आणि दर वेळी टोचायची कुणाची तयारी असणार?

दुसरा मार्ग एमआरआय मशीनचा. हे मशीन आतल्या भागाचं तापमान न टोचता बऱ्यापैकी अचूक सांगतं. गर्भाशयातल्या फायब्रॉईडच्या गाठींवर बाहेरून ध्वनीलहरी एकवटून आत उष्णता द्यायची आणि एमआरआयवर तापमान बघत राहायचं, अशा मशीनला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण एमआरआय फार महाग. ते मोठ्या शहरातच, आणि त्याच्या बोगद्यात पडून उपचार घ्यावे लागतात. फिजिओथेरपीच्या शेकासाठी कुणी एमआरआय लावणार नाही.

तिसरा मार्ग सोनोग्राफीचा. सोनोग्राफीचं मशीन तालुक्याच्या गावातही असतं, त्यात किरण नसतात, दुखत नाही, खर्चही कमी. म्हणून गेली तीसेक वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ याच्या मागे लागले आहेत. सोनोग्राफीने आतलं तापमान मोजता आलं, तर शेक देतानाच पडद्यावर दिसेल की किती गरम झालंय आणि कुठे थांबायचं.

पण सोनोग्राफी तर चित्र दाखवते. ती उष्णता कशी सांगणार?

शेकलेली हलगी

जत्रेत हलगी वाजवणारे वाजवायच्या आधी काय करतात, ते सगळ्यांनी बघितलंय. ते पाचट-काटक्या पेटवून हलगी शेकतात. थंड हलगीचा आवाज बद्द येतो. शेकली की कातडं ताणतं आणि आवाज कडक येतो. नुसत्या आवाजावरून जाणकार माणूस सांगतो की हलगी शेकली की नाही. हात लावून बघायची गरज नाही.

म्हणजे उष्णतेने वस्तू बदलते आणि ती बदलली की तिच्यातून येणारा आवाजही बदलतो. सोनोग्राफीने तापमान मोजण्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. फक्त इथे कातडं ताणण्याऐवजी आवाजाचा वेग बदलतो.

सोनोग्राफीचं मशीन आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज शरीरात सोडतं. विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज परत येतो, तसा तो आतल्या भागांवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला, यावरून मशीन ठरवतं की अमुक गोष्ट किती खोल आहे. हिशेबासाठी मशीन धरून चालतं की शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर या वेगाने जातो.

आता आतला स्नायू गरम झाला तर? गरम झालेल्या स्नायूत, यकृतात आवाज थोडा जास्त वेगाने जातो. त्यामुळे परतीचा आवाज ठरल्या वेळेपेक्षा जरासा लवकर येतो. मशीनला वाटतं की ती जागा थोडी जवळ सरकली. प्रत्यक्षात काही सरकलेलं नसतं, फक्त आवाज लवकर पोचलेला असतो. शेक देण्याआधीचं चित्र आणि शेक देतानाचं चित्र शेजारी ठेवून किती 'सरकलं' ते मोजायचं, आणि त्यावरून किती गरम झालं याचा हिशेब करायचा. एवढीच युक्ती.

हा फरक किती बारीक असतो बघा. एका अंशाला आवाजाचा वेग साधारण हजारातला एक भाग बदलतो. एक सेंटीमीटर जाडीची जागा १० अंशांनी तापली, तर चित्र मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढं सरकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, संगणकाला मात्र मोजता येतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हे करून दाखवलं. प्रयोगशाळेत, हलत नसलेल्या मांसाच्या तुकड्यावर, याने एखाद्या अंशाच्या फरकापर्यंत तापमान सांगता येतं.

मग अजून दवाखान्यात का नाही?

कारण माणूस म्हणजे टेबलावर ठेवलेला मांसाचा तुकडा नाही.

पहिली अडचण श्वासाची. आपण श्वास घेतला की यकृत खाली-वर होतं, तेही सेंटीमीटरच्या मापाने. जिथे मिलिमीटरचा दहावा भाग मोजायचा आहे, तिथे एवढी हालचाल झाली तर हिशेब कोलमडतो. स्नायू जरा आखडला, बाई जरा दचकली, तरी तेच.

दुसरी अडचण चरबीची. स्नायूत उष्णतेने आवाजाचा वेग वाढतो, पण चरबीत तो उलट कमी होतो. शरीरात तर दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. एकीकडे जमा आणि दुसरीकडे खर्च, दोन्ही एकाच वहीत न विचारता लिहिलं तर शिल्लक चुकणारच. तसंच हे.

तिसरी अडचण जास्त तापमानाची. साधारण ५० अंशांच्या पुढे आवाजाचा वेग आधीसारखा सरळ वाढत नाही, आणि मांस शिजू लागलं की ते कायमचं बदलतं. मग जुना हिशेब लागू पडत नाही. पाण्याला उकळी फुटते तसे आत वाफेचे बुडबुडे झाले, की सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ढग दिसतो.

गाठ जाळताना डॉक्टर हा ढग बघतात. त्यावरून कुठवर तापलं याचा अंदाज येतो. पण तो अंदाजच. ढग कधी खऱ्या जळालेल्या जागेपेक्षा मोठा दिसतो, कधी लहान, आणि ढगाच्या मागचं तर काहीच दिसत नाही. म्हणून काही सुयांच्या टोकालाच थर्मामीटर बसवलेला असतो, आणि उपचार झाल्यावर सीटी स्कॅनसारखी तपासणी करून गाठ पूर्ण जळाली का ते बघावंच लागतं. घरच्या माणसाला असा उपचार झाला असेल, तर नंतरची ही तपासणी कधीही चुकवू नका. 'बरं वाटतंय, मग कशाला परत जायचं?' असं म्हणू नका.

थोडक्यात, आज सोनोग्राफी सुई कुठे आहे हे चांगलं दाखवते, ढगही दाखवते, पण आत किती अंश गरम झालंय हे रोजच्या वापरात सांगेल अशी खात्री अजून नाही. काम चालू आहे.

तोवर थर्मामीटर कोण?

इथे मला सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आणि ते ऐकून मी जरा हादरलेच.

फिजिओथेरपीतला मशीनचा शेक देताना आत किती गरम झालं हे सांगणारं काहीही लावलेलं नसतं. मशीनवर दिसतो तो आकडा किती जोराने आणि किती मिनिटं शेक चालू आहे त्याचा. तुमच्या स्नायूत किती अंश झाले, त्याचा नाही. एकीच्या अंगावर चरबी जास्त, एकीचं हाड वर, एकीचं रक्त हळू फिरतं. आकडा तोच असला तरी उष्णता वेगळी होते. म्हणून शेक देणारी ताई पुन्हा पुन्हा विचारते, "जास्त लागतंय का?" ती औपचारिकता म्हणून विचारत नाही. तुमचं उत्तर हाच तिचा थर्मामीटर असतो. तो खोटा आकडा सांगायला लागला, तर ती तरी काय करणार?

आणि आपण बायका काय करतो? सोसतो. लहानपणापासून शिकवलंय, बाईच्या जातीला सोसावं लागतं, उगाच बोंब मारू नये. शेतात सोसतो, बाळंतपणात सोसतो, आणि शेक घेतानाही सोसतो. पण शेकात सोसणं हा गुण नाही. ती चुकीची नोंद आहे. गटाच्या वहीत आपण चुकीचा आकडा लिहू देत नाही ना? मग आपल्या शरीराची खोटी नोंद का द्यायची?

शेक घेताना हे लक्षात ठेवा:

शेक सुखाचा, कोमट-उबदार लागला पाहिजे. 'चटका', 'आग', 'टोचल्यासारखं' असं काहीही वाटलं की त्याच क्षणी "थांबा" म्हणायचं.

ध्वनीलहरींच्या शेकात हाड जास्त उष्णता ओढून घेतं. आतून हाड ठणकायला लागलं, तर कातडीला काही वाटत नसलं तरी लगेच सांगायचं.

जेल लावून फिरवायचं ते गोल डोकं एका जागी थांबू नये, सारखं फिरत राहिलं पाहिजे. ते थांबलेलं दिसलं तर विचारा.

जास्त गरम म्हणजे जास्त गुण, हा समज काढून टाका. वरचा डिग्रीचा हिशेब आठवा.

एकट्या शेकाने कंबर बरी होत नाही. शेक वाट मोकळी करतो, खरं काम शिकवलेला व्यायाम करतो. व्यायाम विचारून घ्या आणि घरी करा.

शेकाआधी या गोष्टी आपणहून सांगा

साखरेचा आजार आहे. पायाला मुंग्या येतात किंवा कुठे बधिर वाटतं. पोटात गर्भ आहे किंवा पाळी चुकली आहे. अंगात तांबी बसवलेली आहे. हाडात रॉड किंवा स्क्रू आहे. हृदयाचं मशीन बसवलंय. कुठे गाठ आहे किंवा पूर्वी कर्करोग झाला होता. पायाला एका बाजूने सूज येऊन लाल झालंय.

यातल्या काही गोष्टींत काही प्रकारचे शेक अजिबात चालत नाहीत. कोणते चालतात ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील, पण त्यांना माहीत असेल तरच. तांबीबद्दल पुरुषांसमोर बोलायला लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या.

एक शब्दाचा घोळही मिटवू. मशीनच्या शेकाला 'अल्ट्रासाऊंड' म्हणतात आणि सोनोग्राफीलाही तेच म्हणतात. दोन्हीत न ऐकू येणारा आवाजच वापरतात, पण शेकाचं मशीन चित्र दाखवत नाही आणि सोनोग्राफीचं मशीन शेक देत नाही. "अल्ट्रासाऊंड झालंय" एवढंच सांगून तपासणी झाली असं समजू नका. अंगात गाठ असेल तर आधी तपासणी. गाठीवर परस्पर शेक नको, घरचाही नको. आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपण गटात आधीच ठरवलेलं आहे.

घरच्या शेकाचे नियम

घरी तर मशीनही नसतं आणि विचारणारी ताईही नसते. म्हणून:

पिशवी किंवा वीट कधीही उघड्या अंगाला लावू नका, मध्ये जाड फडकं हवंच. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पंधरा-वीस मिनिटं पुरे. पिशवी घेऊन झोपून जाऊ नका. कमी गरम वस्तूही रात्रभर एका जागी राहिली तर भाजते.

साखरेचा आजार असलेल्यांनी पायाच्या तळव्यांना शेक घेऊ नये. चटका बसलेला कळत नाही.

नुकतंच पडलं, मुरगळलं, सुजलं असेल तर पहिले दोन दिवस गरम शेक नको.

बाळंतिणीला शेक देताना जास्त जपा. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर टाक्यांच्या आसपासची कातडी बधिर असते, तिला गरम कळत नाही. आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून खोली बंद करू नका. कोळशाच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, त्याने बाळ आणि बाळंतीण दोघांचा जीव जाऊ शकतो.

पुढच्या बैठकीत हे करून बघा

फिजिओथेरपिस्ट शेक देण्याआधी एक साधी परीक्षा घेतात. ती आपणही बैठकीत घेऊ शकतो. दोन स्टीलचे पेले घ्या, एकात माठातलं थंड पाणी, एकात कोमट पाणी. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीसारखं, त्याहून गरम नको. मैत्रिणीने डोळे मिटायचे. तिच्या पायाला, गुडघ्याला, कंबरेला आलटून-पालटून पेला टेकवायचा आणि विचारायचं, "गरम की थंड?"

जिचं उत्तर चुकतंय, किंवा जी "काहीच कळत नाही" म्हणते, तिने त्या जागी शेक घ्यायचा नाही. तिला आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात पाठवा, साखर तपासून घ्या. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

आमच्या गटात ही परीक्षा घेतली तेव्हा सासूबाईही बसल्या होत्या. उजव्या गुडघ्याला गरम पेला लावला तर त्या म्हणाल्या, "थंड आहे." सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना. त्यांना तेव्हा फोड का आले, ते आम्हाला त्या क्षणी कळलं. मशीनच्या ताईंना त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

आत किती गरम झालं, हे एक दिवस मशीन सांगेल. शास्त्रज्ञ त्यासाठी झटत आहेत आणि ते होईलही. तोवर शेकाच्या खोलीत एकच थर्मामीटर आहे, आणि तो आपण बरोबर घेऊन जातो. तो बिघडलेला असेल तर आधी सांगा. चांगला असेल तर वापरा, मोठ्याने वापरा.